डिप्रेशनवर उपचार सुरू करताना : सांगली-मिरजेकडच्या नव्या रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघितला की भावाचा अंदाज येतो, इतकी वर्षं हेच काम केलं. त्या दिवशी सौदे चालू होते. मी हळकुंड मोडलं, दोन तुकडे हातात घेतले आणि पुढं काय करायचं तेच सुचेना. शेठ दोनदा हाक मारून गेले. मला ऐकू आलं होतं, पण तोंडातून शब्द बाहेर येत नव्हता.

तिथून मनोविकारतज्ज्ञांसमोरच्या खुर्चीत बसेपर्यंत सात महिने गेले. तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या, मग ईसीजी, मग रक्ताच्या तपासण्या, मग आईच्या आग्रहानं एका देवऋषीकडं तीन अमावास्या. आणि दवाखाना होता मिरजेत, घरापासून जेमतेम दहा किलोमीटरवर. ते सात महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून जे कळलं आणि डॉक्टरांना विचारून जे पक्कं केलं, तेवढंच इथं आहे.

हा आजार सगळ्यात आधी दवाखान्यात जायची ताकदच काढून घेतो. म्हणून पायऱ्या लहान ठेवल्यात. एका दिवसात एकच केली तरी चालेल.

जीव नकोसा झाला असेल तर बाकीचं नंतर

मरणाचे विचार येत असतील तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६. धोका अगदी समोर दिसत असेल तर १०८ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.

घरच्यांनो, तुमच्यासाठी एक काम आजच्या आज. आपल्याकडं तासगाव, पलूस, कवठे महांकाळ या द्राक्षपट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. शक्य असेल तर घरातून हलवून शेजाऱ्याच्या शेडमध्ये ठेवा. गोळ्यांचा साठाही रुग्णाच्या हाताशी नको. मरणाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताला काही न लागल्यानं माणूस वाचतो. "तुला मरावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं उतरतं. मला बायकोनं विचारलं तेव्हा मी रडलो आणि सात महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो.

आणि पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरला खोटं सांगू नका. "चुकून पोटात गेलं" असं सांगण्यात मोलाचा वेळ जातो आणि उपचार चुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असं मानतं, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा करायची नाही. त्याला उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३०९ कलमासारखं कलमच ठेवलेलं नाही.

१. दोन आठवड्यांचा कागद लिहा

दुःख आणि डिप्रेशन यांतला फरक साधारण असा. दुःखात माणूस मधेच हसतो, जेवतो, नातवाला कडेवर घेतो. डिप्रेशनमध्ये जवळजवळ रोज, दिवसभर, किमान दोन आठवडे मन बसलेलं असतं किंवा कशातच जीव लागत नाही. त्याबरोबर झोप उडते किंवा फार येते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावते, आपण सगळ्यांवर भार आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. आपल्याकडं बरेच जण मनाचं काही सांगतच नाहीत. डोकं जड आहे, छातीत भरून येतं, अंग मोडून येतं, पोट साफ नाही, असं सांगतात. मीही तेच सांगत होतो आणि डॉक्टर पोटावर उपचार करत होते. त्यांची चूक म्हणता येणार नाही, त्यांच्यासमोर मी पोटच ठेवलं होतं.

वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा : किती वाजता जाग येते, किती जेवता, काम किती होतं, कधीपासून. शेवटी, मरणाचे विचार येतात की नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ही यादी निदान करत नाही, निदान डॉक्टरच करतात. पण खोलीत गेल्यावर तोंड उघडत नसेल तर हा कागद नुसता पुढं सरकवता येतो. मी तेच केलं.

२. एका माणसाला सांगा

सगळ्या घराला सांगायची गरज नाही. नंबर घेईल, बरोबर येईल आणि गावभर करणार नाही असा एक माणूस निवडा. माझी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री तीनला उठून पायरीवर बसताय, मला काय दिसत नाही व्हय?" मग तिनं तिच्या भावाला फोन लावला. तो मोटारसायकलवर घेऊन गेला, वाटेत एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी तेच हवं होतं.

सांगायला शब्द सापडत नसतील तर हे वाक्य वापरा : "दोन-तीन आठवडे झाले, मन लागत नाही, झोप नाही. डॉक्टरकडं जायचंय, तू बरोबर ये."

३. कुणाकडं जायचं

इथं लोक फार गोंधळतात. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते निदान करतात, औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात शिकलेले असतात. ते चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात, औषधं लिहीत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात अपमान नाही. समुपदेशक कमी-जास्त शिकलेले असतात, चांगलेही भेटतात, पण मरणाचे विचार, न जेवणं, भास होणं असं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञच.

ठिकाणं :

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. त्याचं रुग्णालय मिरजेत आहे आणि सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयही त्यालाच जोडलेलं आहे. निघायच्या आधी फोन करून मानसोपचार ओपीडी कोणत्या इमारतीत, कोणत्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत, हे तीन प्रश्न विचारा. मी पहिल्या वेळी न विचारता गेलो, चुकीच्या रांगेत दीड तास उभा राहिलो आणि परत आलो. डिप्रेशनच्या माणसाला असं परत येणं फार महाग पडतं. मी पुढचे अठरा दिवस घराबाहेर पडलो नाही.

जत, आटपाडी, शिराळ्याकडच्या लोकांनी दर वेळी मिरज गाठायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यासाठीच आहे. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मनाच्या तपासणीचा वार कोणता, हे आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून मोबाइलवर डॉक्टरांशी बोलायचीही सोय आहे. टेलि-मानसवर फक्त संकटातच फोन करायचा असं नाही, "मला जवळ कुठं दाखवता येईल?" एवढं विचारायलाही तो नंबर चालतो.

खासगी मनोविकारतज्ज्ञ सांगली-मिरजेत बरेच आहेत. मिरज ही जुनी दवाखान्यांची पेठ, १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि आजही कर्नाटकातून रुग्ण येतात. त्यामुळं त्या रांगांत तुम्हाला कुणी ओळखेल ही भीती सोडा. आणि ओळखलं तरी काय, मला दोन ओळखीचे भेटले. दोघंही स्वतःच्या उपचारासाठी आले होते आणि दोघांनीही मला पाहून मान हलवली, बस्स.

दारू हा त्यात गुंतलेला धागा असेल तर दोन्हींचा उपचार एकत्र करावा लागतो. झोप येत नाही म्हणून घेतलेली दारू डिप्रेशन वाढवते. साताऱ्यात परिवर्तन ही व्यसनमुक्ती संस्था आहे, आपल्याकडून लांब नाही.

देवऋषीबद्दल. ज्यांच्या श्रद्धेत आधार आहे त्यांनी देवाला जावं, मीही गणपतीच्या देवळात जाऊन बसायचो आणि बरं वाटायचं. पण "बाहेरचं आहे" म्हणून औषध बंद करायला सांगणारा माणूस जिवाशी खेळतोय. भूत उतरवायच्या नावानं दोरानं-साखळीनं बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आईशी मी भांडलो नाही. "तू नवस कर, मी गोळी घेतो," असं ठरलं आणि घर शांत राहिलं.

४. पिशवीत काय ठेवायचं

- आधार कार्ड, मोबाइल, शिधापत्रिका असेल तर तीही
- जुने केसपेपर, ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट, म्हणजे पुन्हा तेच करावं लागत नाही
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं : बीपी, शुगर, थायरॉईड, दुखण्याच्या गोळ्या, काढे, चूर्ण
- पहिल्या पायरीचा कागद
- पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला, कारण रांग लांब असते
- एक वही, पुढच्या तारखा आणि औषधाची नावं लिहायला

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचा विभाग वेगळा आहे, तिथं केसपेपरचे आणि तपासणीचे पैसे पडतात. खिशात सुटे ठेवा.

५. पहिल्या भेटीत काय होतं

डॉक्टर विचारतात : कधीपासून, झोप, भूक, काम, घरात आधी कुणाला असं झालं का, दारू-तंबाखू, मरणाचे विचार. एक प्रश्न लोकांना विचित्र वाटतो : मधे कधी खूप जास्त उत्साह, दोन-दोन रात्री न झोपता कामं, बेफाम खर्च, असं झालं होतं का? याचं उत्तर खरं द्या. तसं झालं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी फार उदास तर कधी बेफाम उत्साही करणारा, असू शकतो आणि नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर त्या उत्साहाचा उलटा झटका येऊ शकतो. कागदावर लिहिलेलं असेल तर बोलावं लागत नाही, हे पुन्हा सांगतो.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या बहुतेक सांगतात, कारण थायरॉईड कमी असलं तरी असंच वाटतं. तपासणी टाळू नका.

मी सांगितलं, की मला वाटतं मी आळशी झालोय. डॉक्टर म्हणाले, "आळशी माणसाला आळसाचं वाईट वाटत नाही. तुम्हाला वाटतंय." मला त्या एका वाक्यानं खूप धीर दिला.

तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. शेठला, गावाला, सासरच्यांना कुणाला परस्पर कळत नाही. जिवाला धोका असेल अशा वेळी मात्र तो टाळण्यापुरतं त्यांना घरच्यांना सांगता येतं.

६. गोळ्या : इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात

पहिल्यांदा बहुतेक एस्सिटालोप्राम, सरट्रालीन किंवा फ्लुओक्सेटीन यांपैकी काही देतात. लोक त्यांना झोपेच्या गोळ्या म्हणतात. त्या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांची नशाही लागत नाही.

पहिल्या आठवड्यात मला मळमळ आणि तोंड कोरडं. चौथ्या दिवशी वाटलं, फेकून द्याव्यात. बहुतेकांना असा त्रास एक-दोन आठवड्यांत कमी होतो. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी पडते. गोळी सकाळी की रात्री, ते झोपेवर ठरतं, डॉक्टरांना विचारून बदला. लैंगिक इच्छा कमी होणं हाही दुष्परिणाम आहे आणि लाजेनं कुणी सांगत नाही. सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं, कारण सुरुवातीला कधीकधी बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आता मुख्य गोष्ट. परिणाम यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला सहा-आठ. मधल्या काळात आधी झोप सुधारते, मग भूक, मन सगळ्यात शेवटी. तिसऱ्या आठवड्यात मी हळदीच्या पोत्याजवळून गेलो आणि तिचा वास आला. तोवर वासच येत नव्हता असं नाही, मी तो घेतच नव्हतो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आज जेवणात मीठ जास्त झालंय का ते पण सांगा."

बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणं, हा सगळ्यात मोठा सापळा. बरं वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. मी दोन महिन्यांत स्वतःहून बंद केलं, तेही एकदम. चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं, आणि दीड महिन्यात पुन्हा पहिल्याच पायरीवर. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दिवस राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तरी स्वतःहून बंद न करता आधी विचारा.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या वेगळ्या. त्या सुरुवातीच्या घबराटीसाठी थोड्या दिवसांकरता देतात आणि त्यांची सवय लागू शकते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडं त्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

खर्चासाठी : चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा तिथं बरीच स्वस्त पडते. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी वहीत खूण करा, सणासुदीला दुकानं बंद असतात.

पहिल्या औषधानं गुण आला नाही तर निराश होऊ नका. डोस वाढवणं, औषध बदलणं, दुसरं जोडणं असे पुढचे मार्ग आहेत. आजार फार तीव्र असेल, रुग्ण जेवणं सोडून बसला असेल, तर ईसीटी, म्हणजे मेंदूला थोडा वेळ वीज देऊन करायचा उपचार, सुचवतात. लोक त्याला शॉक म्हणतात आणि हादरतात. आज ती भूल देऊनच करतात, भूल न देता करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. तीव्र डिप्रेशनमध्ये ती झपाट्यानं काम करते.

७. बोलून होणारा उपचार

सौम्य डिप्रेशनमध्ये कधीकधी नुसत्या यानंच भागतं, मध्यम-तीव्र असेल तर औषध आणि हे दोन्ही. सीबीटी म्हणजे डोक्यात आपोआप येणारे विचार पकडून तपासणं. पहिल्या बैठकीत मला "मी कुठल्याच कामाचा नाही" हे वाक्य कागदावर लिहायला लावलं आणि शेजारी पुरावे मागितले. पुरावे विरुद्ध बाजूचेच जास्त निघाले.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते काम ठरवून करणं. मन लागायची वाट बघत बसायचं नाही, उठल्यावर मन लागतं. रोज एकच : सकाळी सातला कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचं. पहिल्या आठवड्यात नुसतं चपला घालून दारात उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं. व्यायाम डिप्रेशनवर खरोखर काम करतो, पण "जिम लाव" हा सल्ला या अवस्थेत निरुपयोगी. दारापर्यंत जाणं जमलं की पुढचं जमतं.

खासगीत दर बैठकीला पैसे लागतात. शासकीय ठिकाणी सायकॉलॉजिस्ट किंवा सामाजिक कार्यकर्ते भेटतील का, हे ओपीडीतच विचारा. चार-पाच बैठकांत निकाल लावू नका, पण त्या व्यक्तीशी मोकळं बोलताच येत नसेल तर बदला.

८. विमा आणि काम

२०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखाच आरोग्य विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक केलंय. ॲडमिट झालात तर दावा करा, कागद सगळे जपून ठेवा. नुसत्या ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही. नोकरीत रजा लागली तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळतं. शेठला मी एवढंच सांगितलं, "तब्येतीचा उपचार चालू आहे, दोन महिने गर्दीचं काम नको." त्यांनी मला हिशेबाकडून पावत्यांकडं घेतलं.

९. घरच्यांनी काय बोलू नये, काय करावं

"तुला काय कमी आहे", "मन घट्ट कर", "लोकांचं बघ, किती वाईट आहे" ही वाक्यं आम्हाला पाठ असतात, आम्ही ती स्वतःला रोज म्हणत असतो. ती ऐकून आम्ही अजून गप्प होतो. त्याऐवजी गोळीची वेळ सांभाळा, ओपीडीला बरोबर चला, ताट वाढून समोर ठेवा, शेजारी बसा. लग्न लावून दिलं की बरा होईल असं तरुण मुलांच्या बाबतीत ऐकतो. तसं करू नका, त्यात दोन जीव होरपळतात. आणि सांभाळणारा माणूसही थकतो. माझी बायको महिन्यातून दोन दिवस माहेरी जायची तेव्हा मेहुणा येऊन राहायचा. टेलि-मानसवर ती स्वतःसाठीही बोलली.

१०. परत येऊ नये म्हणून

एकदा होऊन गेलेलं डिप्रेशन पुन्हा येऊ शकतं, म्हणून प्रत्येकाच्या स्वतःच्या खुणा ओळखून ठेवाव्यात. त्या रुग्णाच्या आधी घरच्यांना दिसतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यावर बायकोच्या अक्षरात चार ओळी आहेत : तीन दिवस दाढी नाही. पहाटे तीनला पायरीवर. शेठचा फोन उचलत नाहीत. यातलं काहीही आठवडाभर दिसलं तर मला न विचारता नंबर लावायचा. खाली ओपीडीचा वार आणि १४४१६.

गेल्या पावसाळ्यात पहिली खूण दिसली. तिनं मला विचारलं नाही. सोमवारी आम्ही दोघं मिरजेच्या एसटीत होतो.